गोदाम नंबर तीनचा हिरवा दिवा

१

राजू खिल्लारे तीन नंबरच्या गोदामात शिरला तेव्हा दारावर हिरवा दिवा होता. हिरवा म्हणजे खुशाल आत जा. तो गेला, आणि अर्ध्या तासाने चौघांनी त्याला हातापायांना धरून बाहेर आणला. तुरीला कीड लागू नये म्हणून पाच दिवसांपूर्वी ताडपत्रीखाली विषारी गोळ्या ठेवल्या होत्या, आणि ताडपत्री उचलल्यावर त्यांचा वायू गोदामभर झाला होता. तूर शाबूत राहिली. हमाल गेला.

ही गोष्ट देवपांगरीची, एप्रिलमधल्या एका शुक्रवारची. केनवडपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव दोन वर्षांपूर्वी छोट्या हुशार शहरांच्या यादीत गेलं. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, पण खांबांवर अकरा हुशार खोकी आली. एक वाहनं मोजतं, एक वजनकाट्याचे आकडे वाचतं, एक टाकीतलं पाणी बघतं. अकरा नंबरचं खोकं तीन नंबरच्या गोदामाच्या दारावर होतं. त्याची नळी आत, दिवा आणि भोंगा बाहेर. विषारी वायू हुंगायचा, लाल दिवा लावायचा आणि बोंबलायचं, एवढंच त्याचं काम.

चौकशी समिती शुक्रवारी पाच वाजता बसली. समितीने खोकं तपासलं तर ते ठणठणीत. वायूचा नमुना दाखवला की सेकंदात लाल. मग शनिवारी समितीने तर्क चालवला: खोकं चांगलं आहे, म्हणजे कोणीतरी तार काढून ते बंद केलं होतं. खोक्याची किल्ली एकाच माणसाकडे, वायरमन चांदकडे. त्या दिवशी अकरा वाजता खोकं साफ केल्याची त्याची सहीही वहीत होती. शिवाय दोन महिन्यांपूर्वी उगाच बोंबलणारा भोंगा त्याने परस्पर बंद केला होता आणि लेखी ताकीद खाल्ली होती. झालं. सोमवारी अहवाल पोलिसांकडे जाणार आणि चांद आत जाणार, हे गावात लहान पोरालाही ठाऊक झालं.

शनिवारी ऊन उतरायच्या सुमारास चांदची बायको हुस्नाबानो लखीराम राठोडांच्या अंगणात येऊन उभी राहिली. लखीराम म्हणजे टेलिफोन खात्यातले निवृत्त लाईनमन. चौतीस वर्षं खांबावर काढली. चांद पोरवयात त्यांच्या हाताखाली तार ओढायला शिकला होता. म्हाताऱ्याची जीभ कडू, म्हणून गावात कोणी फारसं त्यांच्या वाटेला जात नसे. पण तार कुठे तुटली हे त्यांना खांबाला कान लावून कळतं, असं गावच म्हणायचं.

ती रडली नाही. खाटेवर बसलीही नाही. तिने एवढंच सांगितलं की चांद कालपासून जेवलेला नाही.

"भाऊ, ते स्वतःच म्हणून राह्यले का माह्याच हातून झालं असंल," ती म्हणाली. "सोमवारी पोलीस विचारतीन तं ते हाव म्हणून टाकतीन."

लखीरामांनी पायात चपला सरकवल्या. निरपराध माणूस भांडतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. पण ज्याला स्वतःचीच खात्री नाही, त्याला वाचवणार कसं?

२

चांद भिंतीला टेकून बसला होता. लखीरामांना बघून उठलाही नाही. साफसफाई कशी केली ते त्याने तीनदा सांगितलं. खोकं उघडलं, कुंचल्याने तुरीची धूळ झाडली, नळीची जाळी फुंकली, बंद केलं, सही केली, दुपारी जुम्म्याच्या नमाजाला गेला. तिन्ही वेळा तो एकाच जागी अडला.

"तार हलली असंल का, लखीरामभाऊ? मले आठवतच नाई. रोजचं काम, हात आपोआप चालते. लक्ष कुठं राहते?"

लखीरामांनी त्याला धीरबीर दिला नाही. त्यांना ते जमतही नसे. तार निघाली तर दिवा कोणता राहतो, एवढंच विचारलं. चांद म्हणाला, कोणताच नाही, दिवा आणि भोंगा त्याच तारेवर आहेत. तार निघाली की सगळंच आंधळं.

मग त्या वेळी दिवा कोणता होता, हे समितीने कोणाला विचारलं होतं का? चांदला ठाऊक नव्हतं. लखीराम तिथून सरळ हमालांच्या वस्तीत गेले. राजूची बायको भागिरथा दारात बसली होती. चांदचं नाव काढताच तिने तोंड फिरवलं. म्हाताऱ्याने नाव काढणं सोडलं आणि दिव्याचं विचारलं.

तिने सगळं सांगितलं. ती एक वाजता डबा घेऊन गेली होती. राजू म्हणाला, दहा पोती काढतो, मग जेवतो. दारापाशी तो जरा घुटमळला, कारण आत गेल्यावर लसणासारखा वास येत होता.

"म्याच मनलं, जाय, हिरवा हाये," भागिरथा म्हणाली. "मी तसं मनलं नसतं तं तो थांबला असता."

 लखीरामांनी पुढचं विचारलं. राजूला बाहेर आणला तेव्हा दिवा कोणता होता? ती म्हणाली, लाल. ते त्याला आणत असतानाच लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. मग सगळे जमले. बाजाराच्या ऑफिसातली राखीपण धावत खाली आली. तिने भागिरथाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि सव्वादोनला अँबुलन्स येईपर्यंत ती पोरगी जागची हलली नाही.

"आन् चांद?"

"तो मांगून आला. टोपी घालूनच. भोंगा तं त्याच्या पयलेच वाजत होता." भागिरथा बोलता बोलता थांबली. दिवसभर ज्याला शिव्याशाप दिले, तो लाल दिवा लागला तेव्हा मशिदीत होता, हे तिलाही तेव्हाच कळलं. "मंग दिव्याने माह्याशी खोटं कायले सांगतलं, भाऊ?"

दिव्याने खोटं सांगितलं नव्हतं. बरोबर तेच सांगितलं होतं, फक्त अर्धा तास उशिरा. तार तुटली की फोन मरतो, तो उशिरा बोलत नाही, हे लखीरामांना पक्कं ठाऊक होतं. पण हमालाच्या बायकोच्या शब्दावर समिती अहवाल बदलणार नव्हती. उशीर का झाला ते सापडल्याशिवाय चांद सुटत नव्हता, आणि हातात उरला होता एक रविवार.

३

बाजाराच्या ऑफिसावर माडी होती. तिथे भिंतभर पडदा आणि पडद्यावर अकरा ठिपके. ही सगळी करणी हरीओमची. समितीचे अध्यक्ष आणि गोदामाचे मालक मारोतराव यांचा हा धाकटा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. पोरगा मोठा अदबीचा. रविवारी सुट्टी असून म्हाताऱ्यासाठी माडी उघडली, माठातलं पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.

खोकी कशी चालतात हे त्याने इतकं सोपं करून सांगितलं की लखीरामांना नाही म्हटलं तरी कौतुक वाटलं. प्रत्येक खोक्यात एक छोटा संगणक असतो. पण प्रत्येकात मोठा घालायचा म्हणजे खर्च. म्हणून हरीओमने त्यांना सावड शिकवली. शेतात माणसं करतात तीच. आज तुझ्या वावरात सगळे, उद्या माझ्या. एका खोक्यावर गणितांचा भार पडला की ते शेजाऱ्यांना हाक मारतं. ज्यांना काम नाही ती खोकी त्याची गणितं वाटून घेतात आणि उत्तर परत करतात.

"इंझोरीच्या आमच्या शेतावर लहानपणी बघितलेली गोष्ट आहे, काका," तो म्हणाला. "सावड असली की घरोघरी चार बैल कशाला? एकावर भागतं."

अकरा नंबरच्या खोक्यात सगळ्यात हलका संगणक होता. वायू हुंगणं कठीण नाही, पण तुरीची धूळ, ट्रकचा धूर, दमट हवा यांतून तो निवडून काढायला पुष्कळ गणित लागतं. शेजारी धावले की ते सेकंदात होतं. एकट्याने करायचं तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आणि नवं उत्तर येईपर्यंत दिवा जुन्याच रंगावर राहतो.

लखीरामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. आता धागा हाती लागला असं त्यांना वाटलं. शुक्रवारी दुपारी पडदा बघायला मुंबईचे साहेब आले होते. फाटकावर गाड्यांची रांग होती आणि फाटकाच्या कॅमेऱ्याला मोजणीचा भार. म्हणजे अकरा नंबरची ताकद त्याने ओढून नेली असणार, आणि बिचारं आपलं काम करायला उरलंच नाही.

त्यांनी तसं बोलून दाखवलं. हरीओम हसला नाही, उलट गंभीर झाला. ही शंका कोणालाही येईल, म्हणाला. पण जीव वाचवणाऱ्या खोक्याला दुसऱ्याचं काम द्यायचं नाही ही सरकारी अट आहे आणि ती त्याने पहिल्या दिवसापासून पाळली आहे. अकरा नंबरला कोणीही बोलावलं तरी ते नाहीच म्हणतं. त्याने यंत्रातून एक कागद काढून दिला. अकरा नंबरने इतरांना किती वेळा मदत केली त्याचा रकाना होता तो. वरपासून खालपर्यंत शून्यच शून्य.

"त्याच्या केसालाही कोणी धक्का लावलेला नाही, काका."

कागद खरा होता. म्हातारा माडी उतरला तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोक्याचं कोणी काही नेलं नव्हतं. सगळी ताकद जागच्या जागी होती. तरी ते अर्धा तास गप्प बसलं.

४

मारोतराव खाली ऑफिसातच होते. आपल्याच गोदामातल्या मृत्यूची चौकशी आपणच करायची यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. दुसरं कोण करणार, असा त्यांचा सवाल होता. सातव्या दिवशी उघडायचं गोदाम पाचव्या दिवशी का उघडलं, हे लखीरामांनी विचारलं. भाव चढला होता, ट्रक दारात उभा होता, ते म्हणाले. लपवाछपवी नाही.

"मी नियमानं चालतो, लखीराम. दिवा हिरवा असला का उघडा, असा नियमच हाये. हिरवा होता, उघडलं."

"हिरवा होता ना?"

"मी सोता पाह्यला."

"मंग तुमच्या अहवालात तार काढली होती असं कसं आलं? तार काढल्यावर हिरवा बी नाई आन् लाल बी नाई."

 मारोतरावांनी चांदला सोडलं आणि दुसरीकडे बोट दाखवलं. पडद्यापुढे राखी नावाची पोरगी बसते. शुक्रवारी ती पाऊण तास जागेवर नव्हती. ती जागेवर असती तर तिला काहीतरी दिसलं असतं. कामात हयगय केली, तिचंही नाव अहवालात घालायचं चाललं आहे. माणूस बुडायला लागला की शेजारच्याच्या खांद्यावर पाय देतो, पण मारोतरावांनी दोन खांदे आधीच हेरून ठेवले होते. लखीरामांना त्यांचा राग आला आणि त्यांनी तो लपवला नाही. चहा न घेता ते उठले.

राखी केनवडची. लखीराम एसटीने तिच्या घरी गेले. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं. पोरगी घाबरलेली होती. नोकरी जाईल, लग्न ठरायचं आहे, आपल्याला काही ठाऊक नाही, असं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. लखीरामांनी हरीओमचा कागद तिच्यापुढे धरला.

"हे तं खोक्यानं किती देल्लं ते हाये. त्यानं किती घेतलं, त्याचा बी रकाना असंल ना?"

राखीने आईकडे पाहिलं.  मग आतून मोबाईल आणला. ऑफिसचं छपाई यंत्र वारंवार बिघडतं म्हणून रोज सकाळी, संध्याकाळी ती पडद्याचा फोटो काढून ठेवायची. तिने एकेक फोटो सरकवत नेला. सव्वीस दिवसांपूर्वीपर्यंत अकरा नंबरला शेजाऱ्यांची मदत दिवसाला पन्नास-साठ वेळा मिळत होती. त्यानंतर शून्य. पुढच्या दिवशी शून्य. सव्वीस दिवस शून्य. अकरा नंबर हाका मारत होतं आणि एकही खोकं येत नव्हतं.

आणि शेवटचा फोटो शुक्रवारच्या संध्याकाळचा होता. त्यात एकदम सत्तेचाळीस वेळा मदत मिळालेली. पहिली मदत दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांनी. राजूला बाहेर काढल्यावर सतरा मिनिटांनी.

५

ते शून्य बघून लखीरामांना जे आठवलं ते त्यांनी राखीला सांगितलं नाही. टेलिफोनची नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. तांड्यावर पेरणीची सावड होती आणि वादळात खांब पडल्याने त्यांना तीनदा बोलावणं येऊनही जाता आलं नाही. सरकारी नोकर, सोडून जाणार कसा? कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही. फक्त त्यांच्या वावरावर कोणी आलं नाही. त्यांच्या बायकोने तीन एकर तूर एकटीने सोंगली आणि एकटीने झोडपली, आणि तिचं अंग जे धरलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. सावडीला जो येत नाही त्याच्याकडे जायचं नाही. हा नियम कोणी लिहिलेला नसतो आणि तो कोणी मोडतही नाही.

लखीरामांनी तिला एवढंच विचारलं, की सव्वीस दिवसांपूर्वी हरीओमने सावडीत काही नवं घातलं होतं का?

राखी चमकली. घातलं होतं. टाकीवरचं खोकं फार कामचुकार निघालं होतं, सगळ्यांची मदत घ्यायचं आणि आपली वेळ आली की नाही म्हणायचं. म्हणून हरीओमने नियम घातला: तीनदा नाही म्हणणारं खोकं सावडीतून बाहेर. त्याच्या हाकेला कोणी जायचं नाही. टाकीचं खोकं दोन दिवसांत वळणावर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आन् अकरा नंबर तं पहिल्या दिवसापासून नाईच म्हणत होतं," लखीराम म्हणाले. "त्याले तसंच सांगतलेलं होतं."

जीव वाचवणाऱ्या खोक्याने दुसऱ्याच्या कामाला जायचं नाही, ही एक अट. जो जात नाही त्याच्याकडे कोणी यायचं नाही, ही दुसरी. पुण्यामुंबईच्या एखाद्याला हा दुसरा नियम सुचलाच नसता. तो इंझोरीच्या वावरातच सुचतो, आणि तिथे तो रास्त वाटतो. शेतात वाळीत पडलेला माणूस निदान उशिरा का होईना आपलं पीक घरी आणतो. गोदामाच्या दारावर त्या उशिराने राजू मेला.

राखीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने खालमानेने उरलेलं सांगून टाकलं. तिला ही शून्यं दिसली होती. मृत्यूच्या नऊ दिवस आधी तिने हरीओमला सांगितलंही होतं. त्याने डोक्याला हात लावला, चूक लगेच ओळखली. पण नियम कायमचा बदलायचा तर सगळी खोकी अर्धा दिवस बंद ठेवावी लागणार होती. सलग शंभर दिवस एकही खंड नाही, हाच आकडा मुंबईच्या साहेबांना दाखवायचा होता. त्यांची भेट होऊन जाऊ दे, मग करतो, असं तो म्हणाला.

"आन् तोपर्यंत?" लखीरामांनी विचारलं.

तोपर्यंतसाठीही उपाय होता. पडद्यावरून अकरा नंबरचे नकार पुसून शून्य करायचे. तसं केलं की पुढचे तीन नकार होईपर्यंत, म्हणजे एखादा दिवस, शेजारी परत येतात. रोज सकाळी एक कळ दाबायची. पण तशी कळ दाबली की पडद्यावर खंड म्हणून नोंद होते. म्हणून तीही दाबली नाही.

शुक्रवारी एक बावन्नला मात्र कोणीतरी ती दाबली होती.

६

सोमवारी दहा वाजता समिती बसली. मधे मारोतराव, बाजूला दोन सभासद, एका टोकाला लॅपटॉप घेऊन हरीओम. चांदला दाराशी उभं केलं होतं. लखीराम बोलावलेले नव्हते, पण त्यांना बाहेर काढायची हिंमत कोणाला झाली नाही. त्यांच्या मागे राखी होती आणि तिच्या मागे भागिरथा.

लखीरामांनी आवाज चढवला नाही. राजूला एक पस्तीसला बाहेर काढला, ते म्हणाले. तेव्हा सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की आत वायू होता. खोकं का गप्प बसलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोलीस तीनला आले, समिती पाचला. समितीला खोकं ठणठणीत सापडलं, कारण ते एक बावन्नला बरं केलेलं होतं. किल्लीने नाही, पडद्यावरून. पडद्याचा परवलीचा शब्द दोनच माणसांना ठाऊक आहे. चांदला तो कधी दिलेलाच नाही.

मारोतराव लगेच राखीकडे वळले. ती तर त्या वेळी बेपत्ता होती, म्हणाले.

"बेपत्ता नव्हती. माह्यं डोकं तिच्या मांडीवर होतं," भागिरथा म्हणाली. "गोदामापुढं. सव्वादोनपर्यंत. तुमी बी तिथंच उभे होते, मालक."

मारोतराव होते. ते सगळ्यांना आठवलं, त्यांनाही. खाली अख्खा बाजार गोळा झाला होता, मुंबईचे साहेबही खालीच उतरले होते. वर माडीवर एकच माणूस होता.

"ज्याले रोग माईत, त्यालेच औषध सुचते," लखीराम म्हणाले. "बाकीचे राजूले पाहून राह्यले होते, हरीओम. तू खोकं दुरुस्त करून राह्यला होता. काहून?"

हरीओमने लॅपटॉप मिटला. इतके दिवस पुण्याची मराठी बोलणारा पोरगा एकदम घरच्या बोलीवर आला. त्याला राजूला मारायचं नव्हतं, हे तो परत परत सांगत होता, आणि ते खरंच होतं. खिडकीतून भोंगा ऐकला आणि त्याला सगळं कळलं. खाली न जाता तो पडद्यावरच्या नोंदी बघत बसला, आणि मग हात आपोआप कळीवर गेला. मग चांदचं नाव पुढे आलं आणि तो गप्प राहिला. त्यापलीकडे त्याने काही केलं नाही.

"नऊ दिवस होते तुह्याजवळ," लखीराम म्हणाले.

"वाटलं, नऊ दिवसांत काय होते, काका. दिवा तं लागूनच राह्यला होता ना. उशिरानं लागत होता, पण लागत होता."

दाराशी चांद मटकन खाली बसला. त्याच्या हातून काही झालं नव्हतं. तीन दिवस तो कुंचल्याची प्रत्येक हालचाल आठवून बघत होता, तार कुठे हलली असेल ते शोधत होता, आणि तार जागचीही हलली नव्हती. त्याला रडू फुटलं.

मारोतरावांनी मुलाकडे एकदाही पाहिलं नाही. पुढ्यातला अहवाल त्यांनी शांतपणे फाडला आणि दुसरा कोरा कागद पुढे ओढला.

७

नव्या अहवालात चांदचं नाव नव्हतं. राखीचं नव्हतं. हरीओमचंही नव्हतं. यंत्रणेतील अनपेक्षित तांत्रिक दोष, असे चार शब्द होते, आणि खाली तीन सह्या. राखीचे फोटो समितीने पुरावा म्हणून जमा करून घेतले आणि मोबाईल परत देताना त्यात ते उरले नव्हते. लखीराम पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन आले. तिथल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, की मग गुन्हा कोणावर, खोक्यावर का? हरीओम महिनाभरात पुण्याला परत गेला. तिथे त्याला चांगली नोकरी लागली असं म्हणतात.

सावड बंद करावी, असा समितीने ठराव केला. परत भानगड नको. सावड बंद झाल्यावर अकरा नंबरच्या खोक्याला एका उत्तराला पाऊण तास लागणार हे उघडच होतं. तेव्हा त्याचा उपयोग काय, म्हणून ते काढून टाकावं असा दुसरा ठराव झाला. चांद कामावर परत रुजू झाला, आणि ते खोकं उतरवणं हे त्याचं पहिलंच काम निघालं.

तो शिडीवर चढला तेव्हा लखीराम खाली शिडी धरून उभे होते. चार स्क्रू काढायला दहा मिनिटं लागली. खोकं खाली घेतो तोच भागिरथा आली. हातात झाडू आणि टोपली. मारोतरावांनी मोठ्या मनाने तिला नवऱ्याच्या जागी कामावर घेतलं होतं, गोदाम झाडायला. नवीन माल आला होता आणि त्यातही गोळ्या ठेवून झाल्या होत्या. ती दारापाशी थांबली, वर दिव्याच्या रिकाम्या जागेकडे तिने पाहिलं, आणि मग चांदकडे.

"चांदभाऊ, आत जाऊ का?"

चांदने लखीरामांकडे पाहिलं.  गुन्हेगार सापडला होता, निरपराध सुटला होता, आणि बाई तिथेच दारात उभी होती. आपण नक्की काय शोधून काढलं, असं म्हाताऱ्याला पहिल्यांदाच वाटलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"थांबा, भाभी," चांद म्हणाला. त्याने खोकं जमिनीवर ठेवलं, खांद्यावरचा रुमाल तोंडाला बांधला आणि आत गेला.

देवपांगरीत आता दहा खोकी आहेत. तीन नंबरच्या गोदामात रोज सकाळी आधी चांद शिरतो, पाच मिनिटं उभा राहून वास घेतो आणि बाहेर येऊन भागिरथाला जा म्हणतो. पगारपत्रकात त्याचा हुद्दा अजून वायरमन असाच आहे.